शेतातल्या तणांचा उपयोग: काय खावं, काय लावावं, कशाला हात लावू नये

संगमनेरकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "वडिलांनंतर चार एकर शेती मी बघतो. खरिपात सोयाबीन, नंतर कांदा. टाकळा, केना, घोळ, आघाडा, माका, लव्हाळा, गाजरगवत असं तण भरपूर आहे. आजी म्हणायची, यातलं काहीच फुकट जात नाही. प्रत्येकाचा पारंपरिक उपयोग सांगाल का? जमलं तर तणनाशक बंद करून यातूनच काही करावं असं मनात आहे."

दादा, आजींचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. उपयोगांची यादीही कुठेही मिळेल, पण ती घेऊन शेतात उतरलात तर तुमचं काम होणार नाही. आजींना नुसते उपयोग माहीत नव्हते. रोप कोणतं, ते किती कोवळं असताना खुडायचं, कुठल्या जागेवरचं घ्यायचं आणि घरातल्या कोणाला द्यायचं नाही, हे सगळं त्यांना मिळून ठाऊक होतं. यादीत फक्त पहिला भाग येतो आणि बाकीचा गळतो. म्हणून मी उत्तर त्या गळलेल्या भागापासून सुरू करते.

मी जुन्नर तालुक्यात शेती करते आणि गटाच्या बायकांबरोबर रानभाज्यांचं काम करते. वनस्पतिशास्त्र कॉलेजात शिकले, पण तणांची खरी ओळख खुरपणीला येणाऱ्या बायांनी करून दिली. दिवसभर तण उपसायचं आणि संध्याकाळी घरी जाताना त्यातलंच निवडून ओटीत भरून न्यायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. ज्या गावांत खुरपणी जाऊन फवारणी आली, तिथे ही ओळखही सुनेपर्यंत पोचली नाही, हे मी बघत आले आहे. तुम्ही विचारताय याचं म्हणूनच बरं वाटलं.

आता सर्वांत आधी फवारणी. शेतात यंदा कोणतं तणनाशक पडलंय यावर बरंच अवलंबून आहे. सोयाबीनवर उगवणीपूर्वी पेंडिमेथॅलिन किंवा उगवणीनंतर इमाझेथापायर मारलं असेल, बांधावर ग्लायफोसेट गेलं असेल, तर त्या पट्ट्यातलं काहीही या हंगामात खाऊ नका. डब्यावरच्या लेबलवर 'फवारणीनंतर इतके दिवस थांबा' असं लिहिलेलं असतं ते पिकासाठी. तण कोणी खाईल हे धरून तो आकडा काढलेला नसतो. मेलेलं तण कोणी खात नाही, पण अर्धवट जगून पुन्हा फुटलेलं तण हिरवंगार दिसतं आणि फसवतं. केना यात पहिला. तो ग्लायफोसेटलाही सहज दाद देत नाही.

दुसरी गोष्ट युरिया. माठाच्या जातीची तणं आणि चाकवत नायट्रेट साठवतात. नुकताच भरपूर युरिया टाकलेल्या शेतातला किंवा पावसाने ताण दिलेला असा पाला गुरांनाही एकदम पोटभर घालू नये. तिसरी गोष्ट पाणी. माका, ब्राह्मी ही ओलीची झाडं, ओढ्या-गटारीच्या कडेला ती फार छान माजतात. गावचं सांडपाणी जिथून वाहतं तिथला माका कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्या.

यानंतर वेळ. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सोयाबीनमध्ये पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तण राहिलं की उत्पन्नाला फटका बसतो, पुढे पीक स्वतःच सावली धरतं. आणि टाकळा, कुरडू, केना, माठ खाण्याजोगे कोवळे असतात ते नेमके याच काळात. भाजीची वेळ आणि खुरपणीची वेळ एकच आहे. आषाढात टाकळा खाण्याची रीत पाळणाऱ्या घराच्या शेतात टाकळ्याला बी धरायची सवडच मिळत नव्हती. म्हणून 'उपयोगी आहे तर राहू दे' असा विचार करू नका. उपयोगी आहे म्हणूनच लवकर उपटा. ज्या वनस्पतीचं बी किंवा मूळ लागतं, तेवढी बांधावर राखा, ओळीत नको.

आता एकेक घेते. टाकळ्यावर जरा थांबते, कारण त्यात उपयोगही मोठा आहे आणि धोकाही. विदर्भात याला तरोटा म्हणतात. पहिल्या दमदार पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत वीतभर वाढतो, तेव्हा शेंड्याची कोवळी पानं घ्यायची. भिजवलेली हरभऱ्याची नाहीतर मुगाची डाळ, कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आणि वरून ओलं खोबरं. कोकणात फणसाच्या आठळ्या घालतात, ती भाजी फार चांगली लागते. पहिल्यांदाच करत असाल तर वाटीभरच खा, जास्त झाली की पोट ढिलं होतं. फुलं आली की पानं राठ होतात आणि उग्र वास मारतात, मग सोडा. गुरं हिरवा टाकळा खात नाहीत, त्यामुळे गायरानात तो बिनधास्त पसरतो. बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर, गजकर्णावर लावायची पद्धत सगळीकडे आहे आणि तिला आधार आहे, कारण बियांत बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात. लहान डागावर लावून बघायला हरकत नाही. आठवड्यात उतार पडला नाही, किंवा आधी दुकानातून आणलेली स्टेरॉइडची मलमं चोळून झाली असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. तसा नायटा अलीकडे बराच बघायला मिळतो आणि तो पाल्याने जात नाही.

धोका असा की टाकळ्याचा एक भाऊबंद त्याच बांधावर उगवतो, कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळा म्हणतात, त्यामुळे आणखी घोटाळा होतो. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला रुंद, गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि पर्णिका टोकदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, जरा रुंद, कडेला फिकट रेघ असलेली. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर ते विष जातं. घराजवळ, अंगणवाडीच्या कुंपणाला कासविंदा असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका. आपल्याकडे त्याच्या बिया भाजून कॉफीसारख्या पितात हे मला माहीत आहे, पण मी स्वतः कोणाला तो सल्ला देत नाही.

केन्याची कोवळी पानं भाजीला चालतात, आणि पानं अख्खी बेसनात बुडवून भजी केली तर मुलंही खातात. जनावरांना हा चारा आवडतो. मात्र कांद्यात केना आला की तुमची परीक्षा आहे. उपटून सरीतच टाकला तर पेरापेरांतून मुळं फुटून परत लागतो, शिवाय जमिनीखालीही त्याला फुलं येऊन बी धरतं. म्हणून मुळासकट काढा आणि थेट गोठ्यात न्या.

घोळ आणि चिवळ या दोन बहिणी. घोळीची पानं मोठी, मांसल, देठ लालसर, चव आंबूस. चिवळ बारीक पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तिला मोठी मागणी असते. घोळीत ओमेगा-३ प्रकारचं स्निग्धाम्ल पालेभाज्यांच्या मानाने चांगलं असतं, हे तुम्ही वाचलं असेल, ते खरं आहे. पण तिच्यात ऑक्झलेटही भरपूर. आंबुशी, चाकवत, माठ यांचंही तेच. मुतखड्याचा त्रास असलेल्या माणसाला या भाज्या वारंवार देऊ नका. बाकीच्यांनी उकळून पाणी काढावं किंवा ताक-दही घालून करावी. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवतं. आपल्याकडे या भाज्या ताकातल्या, डाळीतल्या करतात ते योग्यच आहे.

कुरडू आणि काटेमाठाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कोवळ्या असताना परतून खा. काटेमाठाचे काटे लवकर टणक होतात, तेवढं जपा. रब्बीत ज्वारी-हरभऱ्यात पाथरी येईल. तिची पानं कच्चीच, मीठ लावून, भाकरी आणि ठेच्याबरोबर. थोडी कडवट असते, पण जेवणाला रंगत आणते.

भाजी खुडताना एक सवय लावून घ्या. मूठभर ओरबाडू नका, एकेक रोप बघून खुडा. माठाच्या दाटीत धोत्र्याची कोवळी रोपं सहज मिसळतात. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारातल्या पालकात धोत्र्याच्याच कुळातलं तण गेलं आणि अनेक लोकांना विषबाधा झाली, भ्रम, धूसर दिसणं, छातीत धडधड. यंत्राने कापणी करणाऱ्या मोठ्या शेतावर हे घडू शकतं, तर आपल्याकडेही घडू शकतं. धोत्र्याचं पान चुरडलं की नकोसा वास येतो, माठाच्या पानाला तसा येत नाही.

आता औषधी म्हणून वापरायच्या वनस्पती. खुरपं लागलं की एकदांडीचा पाला चुरगाळून रस पिळायचा, हे तुम्हीही लहानपणी केलं असेल. एकाच लांब दांड्यावर छोटं पिवळसर-पांढरं फूल, ती एकदांडी. मूळची अमेरिकेतली, तरी आपल्या शेतकऱ्याने ती इतकी आपली केली की आता तिच्याशिवाय बांध आठवत नाही. वरवरच्या कापण्याला तिचा रस रक्त थांबवायला मदत करतो. पाला आधी स्वच्छ पाण्याने धुवा, जखमही धुवा. खोल जखम, गंजलेलं अवजार, शेणामातीचा हात असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच. एकदांडीने धनुर्वात थांबत नाही.

माक्याची ओळख सोपी: पांढरी छोटी फुलं, खरखरीत पानं, आणि पान चोळलं की रस थोड्या वेळात काळपट होतो. पिवळ्या फुलांचा तो वेगळा. तेल करायचं तर तिळाचं किंवा खोबरेल तेल घ्या, त्याच्या चौपट ताजा रस, आणि मंद आचेवर रस पूर्ण आटेपर्यंत उकळा. झालं की नाही हे बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, ते तेल लवकर खराब होईल. डोक्याला थंड वाटतं, केस मऊ राहतात. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतील अशी आशा ठेवू नका आणि विकताना तसं कोणाला सांगूही नका.

आघाडा आपल्या सणांनी जपला. मंगळागौरीला, गणपतीच्या पत्रीत तो असतोच, आणि ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून बांधावरच्या, परसातल्या भाज्या शोधाव्या लागतात. दरवर्षी एकदा मुलांना घेऊन पत्री गोळा करायला गेलं, तर दूर्वा, आघाडा, माका, डोरली एवढ्या वनस्पती त्यांच्या डोळ्यांत बसतात. मी आमच्याकडे हे आवर्जून करते. आघाड्याच्या कोवळ्या पानांची भाजीही करतात. मात्र त्याच्या मुळाचा उपयोग जुन्या सुइणी बाळंतपण लवकर व्हावं म्हणून करत. यावरून समजून घ्या की गर्भवती बाईला आघाड्याचा काढा किंवा मूळ कधीही द्यायचं नाही.

पुनर्नवा म्हणजे घेटुळी, काही भागांत वसू. अंगावरच्या सुजेला ती देतात आणि पाल्याची भाजी करतात. इथेही दोन झाडांची गल्लत होते. खरी पुनर्नवा लालसर देठाची, जमिनीवर लांब पसरणारी, फुलं अगदी बारीक गुलाबी आणि झुबक्यांत, फळं चिकट, कपड्याला लागणारी. दुसरी, पांढरी घेटुळी किंवा विषखापरा, मांसल पानांची, फूल पानाच्या बगलेत एकेकटं दडलेलं. बाजारात दोन्ही पुनर्नवा म्हणून येतात. आणि पायाला सूज आली म्हणजे ती मूत्रपिंडामुळे, हृदयामुळे की रक्त कमी झाल्यामुळे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आधी तपासणी, मग वैद्यांना विचारून पुनर्नवा.

भुईआवळीबाबत मी जास्त कडक आहे. काविळीवर ती सर्रास दिली जाते. पण कावीळ हे लक्षण आहे, त्यामागची कारणं अनेक. पावसाळ्यात चिखलात, भातखाचरात काम करणाऱ्या माणसाला ताप येऊन डोळे पिवळे झाले तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्यात प्रतिजैविक वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो, पाल्याच्या रसावर चार दिवस गेले तर मूत्रपिंडं जातात. रक्ततपासणी झाल्यावर पथ्यपाण्यात भुईआवळी ठेवायची की नाही ते वैद्य ठरवतील.

लव्हाळ्याचा उपयोग तुम्हाला आवडेल, कारण त्याच्यावर राग सगळ्यांचाच असतो. जमिनीतल्या काळ्या सुगंधी गाठी म्हणजे नागरमोथ्याच्या मुळ्या, दिवाळीच्या उटण्यात पडतात त्या. बाजारात नागरमोथा म्हणून याच कुळातल्या एकाहून जास्त जातींच्या गाठी येतात, पण घरच्या उटण्याला आपला लव्हाळा उत्तम. नांगरटीनंतर गाठी वेचा, माती धुवा, वरचे केस हलके जाळून किंवा चोळून काढा, कडक उन्हात वाळवून कुटा. वेचायला पोरं लावलीत तर शेतही थोडं मोकळं होतं. रोटावेटर मात्र लव्हाळ्याच्या रानात जपून वापरा, गाठींची साखळी तुटून त्या सगळीकडे पसरतात.

राहिलं गाजरगवत. याचा पारंपरिक उपयोग असा काही नाही, कारण ते आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास लक्षात आलं. कोणी त्याचा काढा, लेप सांगितला तर लांब राहा. अंगाला खाज, इसब, दमा याचं ते मोठं कारण आहे. फुलं येण्याआधी हातमोजे घालून उपटा, खड्ड्यात शेण-मातीच्या थरांत कुजवा, चांगलं खत होतं. फुलावर आलेलं मात्र खतात घालू नका, बी सगळ्या रानात जाईल. पानं कुरतडणारे पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेले भुंगे दिसले तर मारू नका. गाजरगवत खाण्यासाठी ते १९८० च्या दशकात मेक्सिकोहून मुद्दाम आणले गेले.

पिवळा धोत्राही मूळचा मेक्सिकोकडचा. काटेरी पानं, पिवळी फुलं, मोडला की पिवळा चीक. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याची भेसळ होऊन अनेक माणसं दगावली. तुमच्याकडे मोहरी, करडई घरच्या तेलासाठी असेल तर मळणीआधी हे तण वेचून बाहेर काढा. त्याचा चीक डोळ्याला किंवा जखमेला लावायचा जुना उपायही करू नका.

विक्रीचं थोडक्यात सांगते. ताज्या भाज्या आठवडी बाजारात, किंवा कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात सरळ विकता येतात, आणि पावसाळ्याचे पहिले दोन महिने त्यांना शहरात चांगली मागणी असते. जुड्या लहान बांधा आणि प्रत्येकीबरोबर कशी करायची ते लिहून द्या, गिऱ्हाईक तिथेच अडतं. टाकळ्याचं बी व्यापारी घेतात, पण भाव वर्षावर्षाला बदलतो, त्यावर घर चालेल असं धरू नका. पाला वाळवून पुडीवर अमक्या रोगावर औषध असं छापलंत तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. त्या वाटेला लगेच जाऊ नका.

तणनाशक चारही एकरांत एकदम बंद करू नका, मजुरीचं गणित कोसळेल. घराजवळचा अर्धा एकर निवडा. पेरणीआधी उगवलेलं पहिलं तण कुळवाच्या पाळीने मोडा, मग पेरणीनंतर विसाव्या दिवसाच्या आसपास एक खुरपणी आणि चाळिसाव्याच्या आत दुसरी. पहिल्या खुरपणीचं तण ताटात, दुसरीचं गोठ्यात. बांधाचा एक पट्टा कायमचा बिनफवारणीचा ठेवा. आणि गावातल्या एखाद्या वयस्क खुरपणीवाल्या बाईला त्या दिवशी मजूर म्हणून न बोलावता शिकवायला बोलावा, मजुरी तेवढीच द्या.

एखादं रोप ओळखता आलं नाही तर फोटो इथे टाका. नुसत्या वरून काढलेल्या फोटोवरून मी नाव सांगणार नाही. पानाची वरची आणि मागची बाजू, खोडाला पान कसं जोडलंय ते, फूल किंवा शेंग, आणि मुळासकट उपटलेलं अख्खं रोप, असे फोटो हवेत. शेजारी माप कळायला काडेपेटी ठेवा, आणि जागा ओलीची आहे की कोरडी, फवारणी कधी झाली होती, तेही लिहा. ओळख पटेपर्यंत ते रोप स्वयंपाकघरात नेऊ नका.